झेलाचं दूध

देवपूरच्या आमच्या घरापासून एकवीरा देवीचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरीही लग्नानंतरची बरीच वर्षं मी त्या देवळाच्या पायऱ्या चढले नव्हते. सासूबाई मंगळवारी आणि शुक्रवारी न चुकता जायच्या. मी फार तर त्यांना सोबत म्हणून जायची आणि पांझरा नदीच्या बाजूला एखाद्या झाडाच्या सावलीत उभी राहायची. देवावर माझा राग नव्हता. पण नवस बोलणाऱ्या, ओट्या भरणाऱ्या बायकांकडे पाहून वाटायचं, हा सगळा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, आणि व्यवहारच करायचा तर त्यात देवी कशाला हवी. सासूबाईंनी मला आत चलण्याचा आग्रह कधी केला नाही. परत येताना त्या फक्त माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या आणि मी लावून घ्यायची.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी धुळ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. प्राण्यांच्या वागणुकीवरचा भाग माझ्या विशेष आवडीचा. मधमाशी पोळ्यासाठी डंख मारते आणि मरते, माकडं ओरडून टोळीला सावध करतात आणि स्वतः वाघाच्या नजरेत येतात, हे सांगितलं की मुलं एकदम गप्प होत. मग मी त्यांना समजावून द्यायची की यात त्याग वगैरे काही नाही. मधमाशी बहिणींसाठी मरते, म्हणजे स्वतःचंच रक्त राखते. माकडाला उद्या दुसऱ्याकडून तीच मदत हवी असते. कावळा कोकिळेचं पिल्लू वाढवतो, तो तर निव्वळ फसलेला असतो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग आई?" मी म्हणाले, "आई तर सगळ्यात आधी. आई स्वतःलाच जपत असते." वर्ग हसला, मीही हसले. माझं बोलणं शास्त्राला धरून होतं आणि आजही मी ते चूक म्हणणार नाही.

लग्नानंतर बऱ्याच उशिरा मला दिवस गेले. माहेर जळगावला, मेहरूणच्या तळ्याजवळ. पण पहिलं बाळंतपण असूनही मी धुळ्यातच राहिले, कारण माझी आई हयात नव्हती. आठव्या महिन्यातच पोटात दुखायला लागलं आणि संक्रांतीच्या सुमारास ऑपरेशन करून मुलगी झाली. इवलीशी, तळहातावर मावेल असं वाटण्याइतकी. तिला मी नीट पाहते न पाहते तोच माझे टाके पिकले. अंग तापाने फणफणू लागलं, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. औषधं इतकी जहाल होती की डॉक्टरीणबाईंनी बाळाला अंगावर घ्यायचं नाही असं निक्षून सांगितलं. नाही तरी घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझं दूध आटून गेलं होतं.

मुलीला डब्याचं दूध सुरू केलं, ते तिने ओकून टाकलं. गाईच्या दुधात पाणी घालून चमच्याने पाजलं, तर जुलाब सुरू झाले. तिच्या रडण्याचा आवाज मला पलीकडच्या खोलीतून यायचा आणि रोज तो बारीक होत चालला होता. मी तापाच्या गुंगीत असायची, पण तेवढं कळत होतं. डॉक्टरीणबाई माझ्या नवऱ्याला दाराशी उभं करून हळू आवाजात म्हणाल्या, "हिला आईचं दूध मिळालं असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती." ते पाटबंधारे खात्यात होते, मोठमोठ्या धरणांच्या पाण्याचा अंदाज बांधणारा माणूस. ते भिंतीला टेकून नुसते उभे राहिले.

त्या मंगळवारी सासूबाई देवीला गेल्या. काय मागितलं ते त्यांनी मला पुढेही कधी सांगितलं नाही. परत दवाखान्यात आल्या, तेव्हा पाय धुवायला म्हणून मागच्या नळावर गेल्या. तिथे एक तरुण बाई पाठमोरी उभी होती, भिंतीला डोकं टेकून, आणि स्वतःचं दूध पिळून मोरीत सोडत होती. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. सासूबाई मूळच्या खेड्यातल्याच, त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं, "काय व्हयनं बेटा?"

ती म्हणाली, "पोर गई, माय. पन दूध नही जास."

मूल गेलं, पण दूध जात नाही. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. नाव झेला. आदल्या आठवड्यात तिला मुलगी झाली होती आणि दोन दिवसांतच गेली होती. तिचे स्वतःचे टाके ओले होते म्हणून दवाखान्याने तिला ठेवून घेतलं होतं. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मनी नातले पाजशी का?" तिने डोळे पुसले नाहीत, की कोणाची नात, काय, हेही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "कोठे शे?" कुठे आहे.

हे सगळं मला नंतर सांगितलेलं. मी पाहिलं नाही. मला आठवतं ते एवढंच की एका दुपारी पलीकडून येणारं रडणं थांबलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या, माझ्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "पोट भरून झोपली बघ. देवीने पाठवली गं तिला." योगायोग म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला असता, पण तेवढी ताकद नव्हती. मी नुसती रडले.

मुलगी सावरली. जुलाब थांबले, गालावर थोडं मांस आलं. झेलाचा नवरा तिला न्यायला आला, तेव्हा तिने त्याला व्हरांड्यात बसवून काहीतरी सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि एकटाच परत गेला. झेला आमच्याबरोबर देवपूरला आली. आमच्या एका चुलत सासूबाई भेटायला आल्या, त्यांनी तिच्याकडे बघत दबक्या आवाजात विचारलं, "कुठल्या समाजाची आहे?" माझ्या सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या अगदी कडक. पण त्या म्हणाल्या, "पोर रडत होती, तेव्हा विचारायचं राहून गेलं. आता विचारून काय करू?" आणि चहा गाळायला आत गेल्या.

झेलाला मी कोणी साध्वी म्हणून रंगवत नाही. तिला आमचा चहा आवडायचा नाही, फार पातळ म्हणायची. भाकरी तिला तिच्याच हातची लागायची. यांनी आणलेलं जांभळं लुगडं तिने लगेच नेसून पाहिलं आणि दिवसभर अंगावरून काढलं नाही. कधी कधी दुपारी ती तोंड भिंतीकडे करून पडून राहायची, आणि त्या वेळी तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नसे. मग मुलगी रडली की उठायची.

मी मात्र दिवसेंदिवस कडू होत चालले होते. ताप गेला होता, जखम भरत होती, आणि मी माझ्याच घरात खाटेवर पडून माझ्या मुलीला दुसऱ्या बाईच्या छातीशी पाहत होते. झेलाचा आवाज आला की मुलगी मान वळवायची. माझ्याकडे दिली की किरकिर करायची. मला आठवण व्हायची ती कावळ्याच्या घरट्याची, आणि मग माझं मलाच हसू यायचं, कारण कावळ्याला ते पिल्लू परकं असल्याचं ठाऊक नसतं. झेलाला सगळं ठाऊक होतं. मग ती का करत होती? एके दिवशी मुलीला पाजताना तिला गुणगुणताना ऐकलं, "मनी पोर, मनी चिमनी." मनी म्हणजे माझी. ही आता मुलीला सोडणार नाही, असं मनात पक्कं बसलं.

मी सरळच विचारायचं ठरवलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, मुलगी झोळीत झोपली होती. मी म्हणाले, "झेला, खरं सांग. तू हे का करतेस?"

ती झोळीची दोरी ओढत होती. दोरी न सोडता तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मनासाठेच करस, ताई. छाती दगडनी व्हई गयती. हाई पेस, तव्हय माले नीज येस."

स्वतःसाठीच करते. छातीचा दगड झाला होता. ही पिते, तेव्हा कुठे मला झोप लागते. इतकं स्वच्छ उत्तर मला माझ्या वर्गातही कोणी दिलं नव्हतं. मी जे शिकवत आले होते तेच ती बोलली होती, आणि ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या आत काहीतरी रिकामं झालं. मला हवं होतं की तिने दुसरं काही सांगावं. देवासाठी, बाळासाठी, निदान सासूबाईंच्या शब्दासाठी. माझं शास्त्र खोटं ठरावं अशी इच्छा माझ्याच मनात होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी भुकेने उठली. झेलाने तिला उचललं आणि पदर सारण्याऐवजी ती माझ्या खाटेशी आली. म्हणाली, "पहिले तू ले तिले. मी नंतर." औषधं बंद होऊन आठवडा झाला होता, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की आता अंगावर घ्यायला हरकत नाही, पण दूध परत येईल याची खात्री देता येत नाही. मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "आज नही तं सकाय येई." सकाय म्हणजे उद्या.

मुलीने तोंड लावलं, ओढलं, काही मिळेना तशी जीव खाऊन रडायला लागली. मी घाबरून झेलाकडे पाहिलं, तर ती खोलीत नव्हती. खिडकीतून दिसलं, ती मागच्या अंगणात ओट्यावर उभी होती. मुलीचा आवाज ऐकून तिला पान्हा फुटला होता. पोलकं पुढून ओलं झालं होतं आणि थेंब लुगड्यावर गळत होते. दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून ती डोळे मिटून उभी होती. दोन पावलं आत आली असती तर तिची कळ थांबली असती, मुलगी शांत झाली असती, आणि मीही सुटकेचा श्वास टाकला असता. ती आली नाही. मी हाक मारली तेव्हा आली.

असं रोज, प्रत्येक वेळी. आधी माझ्याकडे, मग बाहेर जाऊन उभं राहणं, मग तिच्याकडे. सासूबाई मला मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर करून घालत, झेला माझ्या पाठीला तेल चोळी. मी पुष्कळदा म्हटलं, राहू दे, हे व्हायचं नाही. ती वाद घालत नसे, मुलीला फक्त माझ्या मांडीवर ठेवून निघून जाई. आणि एका सकाळी, मी दुसरंच काही मनात आणत असताना, मुलीचं ओढणं बदललं. घटाघट गिळण्याचा आवाज येऊ लागला. तिच्या ओठाच्या कडेला पांढरी रेघ दिसली. मी ओरडून कोणाला बोलावलं नाही. माझी खात्री होईना. झेला दारात येऊन उभी राहिली होती. तिने पाहिलं, मान हलवली आणि पाणी भरायला गेली.

त्यानंतर तिने मुलीला पाजणं हळूहळू कमी केलं आणि मग अजिबात बंद केलं. स्वतःच्या छातीला फडकं घट्ट आवळून बांधलं. सासूबाईंनी मोगऱ्याची फुलं आणून दिली, ती फडक्यात ठेवली, त्याने दूध लवकर जातं म्हणून. तरी तिला ताप चढलाच. दोन दिवस ती कण्हत पडली होती आणि त्या दोन दिवसांत मुलगी जवळ रडली की तोंडावर पदर ओढून घेत होती. मी तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. जिच्यासाठी राहिली होती, जिच्यामुळे तिला झोप लागत होती, तिला तिने स्वतःच्या हाताने माझ्याकडे वळवलं होतं. आणि मी तर तिला जा असं एकदाही म्हटलं नव्हतं.

कारणं शोधायची म्हटली असती तर तीही सापडली असती. तिला घरची ओढ लागली असेल. नवरा वाट पाहत होता. दूध बंद झाल्याशिवाय पुन्हा दिवस राहायचे नाहीत, असंही तिच्या मनात असेल. मी खाटेजवळ बसून ती एकेक मांडत होते, आणि तिच्या तापलेल्या हातावर हात ठेवल्यावर ती मला मांडावीशी वाटेनात. ती खोटी होती असं नाही. पण तेवढ्याने ओट्यावर उभी असलेली ती बाई मला पुरी समजत नव्हती.

नवरा न्यायला आला, तेव्हा ती जांभळं लुगडं नेसली. सासूबाईंनी तिची ओटी भरली. मुलगी माझ्या कडेवर होती. झेलाने तिचा पाय हातात धरला आणि तळवा दाबून सोडून दिला. मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"वाटस ना," ती म्हणाली. "पन ती तुनी शे."

मी तिला वाकून नमस्कार केला. ती माझ्याहून वयाने लहान, त्यामुळे ती गडबडली आणि नवऱ्याच्या मागे लपल्यासारखी झाली. ते दोघं रिक्षात बसून स्टँडकडे गेले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "आई, चैत्रात मी तुमच्याबरोबर येते." त्या म्हणाल्या, "ये की." बस, एवढंच.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला देवळात पाय ठेवायला जागा नसते. रांग नदीच्या बाजूपर्यंत गेली होती, ऊन चढत होतं. कोणी जावळ काढायला आलेले, कोणी नैवेद्याचं ताट डोक्यावर घेऊन उभे. देवीला काय म्हणायचं ते मी मनात जुळवत होते. तू पाठवलंस का, असं विचारावं, की नुसते आभार मानावे. मला अजून खात्री नव्हती की आत कोणी ऐकणारं आहे. सासूबाई पुढे होत्या आणि गर्दीने त्यांना आणखी पुढे नेलं. तेवढ्यात मुलगी उठली आणि भुकेने आकांत करू लागली. मागे जायला वाट नव्हती. मी रांगेतून जरा बाजूला झाले आणि पायरीच्या कडेला बसले. चारी बाजूंनी माणसं, डोक्यावर ऊन. माझा पदर जेमतेम माझ्यापुरता होता. मी संकोचून गेले होते.

एकाएकी माझ्यावर सावली आली. कोणीतरी बाई माझ्याकडे पाठ करून उभी राहिली होती आणि तिने आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला होता, उन्हाला आणि लोकांना आड. मला तिचे पाय दिसत होते, जोडवी, टाचेच्या भेगा, हिरव्या लुगड्याचा काठ. रांग पुढे सरकत होती, तिचा नंबर जात होता, मागचे लोक तिला ओलांडून चालले होते. ती हलली नाही, आणि तिने वळूनही पाहिलं नाही. मुलगी शांतपणे पीत राहिली.

तुम्ही का थांबलात, हे मी तिला विचारलं नाही. अशा प्रश्नाची मला इतकी सवय होती, आणि त्या दिवशी तो माझ्या ओठावर आलाच नाही. मी डोळे मिटले. आत जाऊन देवीला जे काही म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं विसरून गेले. आयुष्यभर मी देणाऱ्याच्या हातात काय लपवलंय ते पाहत आले होते. घेताना आपले हात मोकळे ठेवावे लागतात, एवढं मला कधी सुचलं नव्हतं. त्या सावलीत बसून मी ते शिकत होते, आणि मला खूप बरं वाटत होतं, लहान मुलाला वाटतं तसं.

मुलीचं पोट भरलं. मी पदर सावरून वर पाहिलं, तेव्हा ऊन पुन्हा तोंडावर आलं होतं आणि हिरवं लुगडं गर्दीत मिसळून गेलं होतं. मुलीला खांद्यावर घेऊन मी उठले आणि उरलेल्या पायऱ्या चढले.